डोमिनो, दुपटीचा ठोकळा आणि रविवारची दुपार

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या घरी डोमिनोची छोटी स्पर्धा असते. माणसं सहा, टेबलं तीन, दुपारी तीनला सुरुवात. पहिली दोन वर्षं आम्ही साधे डाव खेळलो आणि दोन्ही वेळा एकच तक्रार आली: सोंगट्या वाईट आल्या की पुढची दहा मिनिटं नुसतं हरायची वाट बघत बसायचं. तिसऱ्या वर्षी मी बॅकगॅमनच्या (फासे टाकून दोघांनी खेळायचा पटावरचा खेळ) संचातला दुपटीचा ठोकळा टेबलावर आणून ठेवला. आता तो कुणी उचलू देत नाही.

सामान थोडंच लागतं. दर टेबलाला डोमिनोचा एक संच आणि एक ठोकळा. संचात २८ सोंगट्या असतात, प्रत्येकीचे ठिपक्यांचे दोन भाग, कोऱ्या-कोरीपासून सहा-सहापर्यंत. प्रत्येक आकडा सात सोंगट्यांवर येतो आणि सगळे ठिपके मिळून १६८ होतात. सात आणि १६८ हे दोन आकडे पाठ करा, पुढे कामी येतील. टेबल काचेचं असेल तर त्यावर जाड चादर दुमडून घाला. तीन टेबलांवर एकदम सोंगट्या ढवळल्या की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं.

ठोकळ्यावर २, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे असतात. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये बॅकगॅमनसाठी त्याचा वापर सुरू झाला. तो फासा नव्हे, टाकायचा नसतो. या डावाची किंमत किती, एवढंच तो दाखवतो. त्यावर १ नसतो, म्हणून सुरुवातीला ६४ वर करून मधोमध ठेवतात आणि त्याचा अर्थ एक गुण असा धरतात. विकतचा नसेल तर लाकडाचा चौकोनी तुकडा घेऊन मार्करने आकडे लिहा. आमचे दोन तसेच आहेत.

डाव दोघांचा. सोंगट्या उपड्या करून ढवळायच्या, प्रत्येकी सात घ्यायच्या, चौदा ढिगात ठेवायच्या. मोठ्यात मोठी डबल (दोन्ही भागांवर सारखेच ठिपके असलेली सोंगटी) ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची. डबल कुणाकडेच नसली तर जास्त ठिपक्यांची सोंगटी पहिली. पुढची सोंगटी साखळीच्या टोकाशी आकडा जुळवून लावायची. लावता आली नाही तर लागेपर्यंत ढिगातून उचलायची, मात्र शेवटच्या दोन सोंगट्यांना हात लावायचा नाही. तिथवर आलं की पास. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील तो जिंकला. दोघंही अडकले तर हातात कमी ठिपके असणारा जिंकला. ठिपके सारखेच निघाले तर गुण कुणालाच नाही, नवा डाव.

आता ठोकळा. आपली पाळी आली, की सोंगटी लावायच्या किंवा ढिगाला हात लावायच्या आधी ‘दुप्पट’ म्हणता येतं. हात लागला की ती संधी गेली. समोरच्यापुढे दोन वाटा असतात. त्याने नाही म्हटलं तर डाव तिथेच संपला आणि आपल्याला एक गुण. त्याने घेतली तर ठोकळा २ वर करून त्याने स्वतःकडे ठेवायचा. डाव आता दोन गुणांचा झाला आणि पुढची दुप्पट फक्त तोच करू शकतो. दोघांनी एकेक सोंगटी लावल्याशिवाय दुप्पट नाही, हा नियम आमच्या घरचा. आणि एक काळजी घ्या: ‘डबल’ हा शब्द सोंगटीसाठीच ठेवा, ठोकळ्यासाठी ‘दुप्पट’. आमच्याकडे एकीने ‘डबल’ म्हणत सोंगटी उचलली, समोरच्या काकांनी ठोकळा उचलला आणि वाद मिटवण्यात चहा गार झाला.

दुप्पट घ्यावी की सोडावी? नवीन माणसाला मी हा हिशोब कागदावर करून दाखवते. समजा, असे चार डाव आले. चारही सोडले तर चार गुण गेले. चारही घेतले, तीन हरलो आणि एक जिंकलो, तर सहा गेले, दोन आले, म्हणजे गेले चारच. चारात एकदा जिंकण्याची शक्यता असेल तिथे दोन्ही सारखंच. त्याहून बरी असेल तर घ्या, वाईट असेल तर सोडा. थोडं मागे आहोत म्हणून सोडायचं नाही, नवखे लोक तीच चूक करतात.

पण डोमिनोत पुष्कळदा अंदाज करायची गरजच नसते, बेरीज पुरते. गेल्या वर्षीचा माझा आणि भाचीचा डाव सांगते. साखळीची दोन्ही टोकं पाच. पाचाच्या सहा सोंगट्या टेबलावर, फक्त डबल पाच दिसत नव्हती. माझ्याकडे चार सोंगट्या: एक-सहा, सहा-चार, डबल दोन आणि कोरी डबल. तिच्याकडे तीन, ढिगात शेवटच्या दोन. पाळी तिची. ती म्हणाली, “आत्या, दुप्पट.” मला वाटलं, हिच्याकडे डबल पाच नसेल तर हीसुद्धा अडकलेली आहे. मी घेतली.

तिने शांतपणे डबल पाच लावली. सातही पाच संपले, टोकं पुन्हा पाचच, साखळी बंद. माझे ठिपके २१. तिच्या हातात कोरी-एक आणि कोरी-तीन, म्हणजे ४. दोन गुण गेले.

घरी सगळे गेल्यावर मी तोच डाव पुन्हा मांडून बसले. टेबलावरचे ठिपके १२४, माझे २१, मिळून १४५. १६८ मधून वजा केले की २३ उरतात, तिच्या तीन सोंगट्या आणि ढिगातल्या दोन मिळून. त्यातले दहा डबल पाचचे. उरले १३. डबल पाच तिच्याकडे असो की ढिगात, साखळी बंद होणारच होती आणि तिच्या हातात तेव्हा १३ च्या वर ठिपके असणं शक्यच नव्हतं. माझे २१. म्हणजे तो डाव चारात एकदाही माझा नव्हता. एका बेरजेने एक गुण वाचला असता. म्हणून आता दर टेबलावर कागद-पेन्सिल असते आणि दुपटीचं उत्तर द्यायला पूर्ण एक मिनिट मिळतं. घाई करायची नाही, घाई करवायचीही नाही.

सामना पाच गुणांचा ठेवा. दुपटीमुळे पाचाच्या वर गेलेले गुण सोडून द्यायचे. एखादा भिडू ४ वर पोचला की लगेचच्या एका डावात ठोकळा बाजूला ठेवायचा. बॅकगॅमनमधला हा नियम जॉन क्रॉफर्ड या अमेरिकन खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. समोरच्याला एकच गुण हवा असेल तर मागच्याला एक गेला काय नि दोन गेले काय, सारखंच. तो प्रत्येक डावात दुप्पट म्हणत सुटेल. पुढे असणाऱ्याने आघाडी कमावलेली असते, तिला एका डावापुरती तरी राखण मिळते. त्या डावानंतर ठोकळा परत येतो आणि मागच्याने तेव्हा पहिल्या संधीलाच दुप्पट करावी.

सहाजण प्रत्येकाशी खेळले की १५ सामने होतात, पाच फेऱ्यांत बसतात. टेबलं एका रांगेत लावा. एका कोपऱ्यातली खुर्ची कायमची. आमच्याकडे ती सासूबाईंची, गुडघ्यांमुळे. बाकीचे पाचजण दर फेरीनंतर घड्याळाच्या दिशेने एकेक खुर्ची पुढे सरकतात, ती खुर्ची ओलांडून. कुणाचीही गाठ दोनदा पडत नाही. फेरीला चाळीस मिनिटं धरा आणि तिसऱ्या फेरीनंतर चहा. सर्वाधिक सामने जिंकेल तो पहिला. दोघं बरोबरीत असतील तर त्यांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल बघायचा.

पैसे लावायचे नाहीत. ठोकळा जुगारातून आला असला तरी आमच्याकडे तो गुणांपुरताच आहे. आदल्या दिवशी आलेल्या फोनवरच हे सांगून टाका, टेबलावर विषय नको. बक्षीस म्हणून मी नारळाच्या वड्यांचा डबा ठेवते. आणि सगळे उठायच्या आधी तिन्ही संच मोजून घ्या, २८, २८, २८. चादर झटकून बघा, कोरी सोंगटी घडीतच सापडते.