शोलाकिली ओळखताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की जळगाव-धुळ्याकडची पोरं कॅमेरे घेऊन दक्षिणेत जातात आणि परत आली की ग्रुपवर तोच वाद, फोटोतला पक्षी नीलगिरी शोलाकिली की पांढऱ्या पोटाची शोलाकिली? दोन्ही निळ्या, दोन्ही शोला जंगलात, म्हणजे दक्षिणेतल्या उंच डोंगरातल्या अंधाऱ्या, सदाहरित जंगलात जमिनीलगत फिरणाऱ्या. नीलगिरीवाली आययूसीएन या जागतिक संवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त, दुसरी असुरक्षित, त्यामुळे चुकीची नोंद केली तर ती कुणाच्या तरी अभ्यासात घाण करते.

आधी तुम्ही उभे कुठं आहात ते बघा ना भो! मधे पालघाट खिंड, म्हणजे पश्चिम घाटातली मोठी फट आहे. तिच्या उत्तरेला, म्हणजे उटी, बाबाबुदनगिरीकडे नीलगिरी शोलाकिली, दक्षिणेला मुन्नार, वालपराई, कोडाईकनालला पांढऱ्या पोटाची. उंच डोंगरातल्या थंड जंगलातले पक्षी हे, खालची गरम खिंड ओलांडत नाहीत. पण आपल्याकडं उटी काय न् कोडाई काय, सगळं साउथच.

आता रंग. नीलगिरीच्या कुशीला, म्हणजे पोटाच्या दोन्ही बाजूंना, आणि शेपटीखाली तांबूस रंग असतो, पांढऱ्या पोटाचीच्या कुशी निळसर राखाडी. सोपंय, पण सावलीत कॅमेरा फसवतो. मागच्या उन्हाळ्यात भुसावळच्या एका पोरानं कोडाईहून फोटो टाकला, कुशी तांबूस दिसतायत म्हणून थेट नीलगिरी, वर "रेंजबाहेरची पहिली नोंद" असं लिहून मोकळा. दोन दिवस ग्रुपवर भांडणं. मी त्याला म्हटलं, एडिट केलेला नको, रॉ फाइल पाठव. ती उघडून झूम केली तर पोटाचा पांढरा भागच पिवळट, शेजारची दगडफुलंसुद्धा पिवळट, वाळक्या पाल्यावरून उसळलेला उजेड सगळ्यावर पडलेला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवायची सेटिंग, नीट केला, तांबूस गायब. म्हणून मी कायम आधी पोटाचा पांढरा बघतो, तो पांढरा नसेल तर कुशीवर बोलतच नाही.

याची सवय इथंच करा. पाटणादेवीला ओढ्याकाठी गच्च सावलीत टिकेलचा निळा माशीमार गाठा, त्याच्या छातीचा नारिंगी उन्हात आणि सावलीत किती बदलतो ते डोळ्यानं बघा, मग दक्षिणेचं तिकीट काढा.

जुनं पुस्तक नेऊ नका, त्यात दोन्ही एकच जात म्हणून छापलेल्या असतात. या दोघींचा शोलिकोला हा वंश तर 2017 मधे आला.

आणि तो स्पीकर घरी ठेवा. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून तो बाहेर काढणं मला अजिबात चालत नाही. चहा, निलगिरीची झाडं आणि वॅटल या परदेशी झाडाच्या लागवडीनं शोलाचे तुकडे उरलेत, त्या तुकड्यात हा पक्षी स्वतःची हद्द राखून राहतो, वरून तुम्ही त्याला खोट्या शत्रूशी भांडायला लावता, अंड्यांच्या दिवसात तर हद्दच झाली. पहाटे अंधारात जाऊन बसा, हलू नका, मोबाईल खिशात. तो आपणहून पायवाटेवर येतो. अर्ध्या तासात कंटाळणाऱ्यांनी बॉटनिकल गार्डन बघावी.

ठिपकेदार तपकिरी पिल्लू दिसलं तर नोंदीत नुसतं शोलाकिली लिहा, जागा नीट टाका, बाकीचं नोंदी तपासणारा रिव्ह्यूअर बघून घेतो.