रेडिओ घड्याळाला वेळेचा संकेत कसा मिळवून द्यावा

रेडिओ घड्याळ मुळात फारसे अचूक नसते. आत साधेच क्वार्ट्झ यंत्र असते, महिन्याला पंधराएक सेकंद पुढेमागे होणारे. फक्त ते रोज एखाद्या रेडिओ केंद्रावरून येणारा अणुघड्याळाच्या (अत्यंत अचूक घड्याळाच्या) वेळेचा संकेत ऐकते आणि स्वतःची चूक सुधारते. हे ऐकणे नीट जमावे एवढेच आपले काम.

आधी संकेत पाठवणारे केंद्र बघा. जर्मनीत माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर संकेत निघतो, ब्रिटनमध्ये अँथॉर्नहून आणि अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सहून ६०वर, जपानमध्ये ४० आणि ६०वर. घड्याळ ज्या केंद्रासाठी बनले आहे, त्याच्या टप्प्यात आपण असायला हवे. माइनफ्लिंगेनचा टप्पा साधारण २,००० किलोमीटर. त्यापलीकडे ते साधे घड्याळ म्हणूनच चालेल. खटपट करू नका.

आता जागा. टीव्ही, संगणक, चार्जर, एलईडी दिव्यांपासून एकदोन मीटर लांब, शक्यतो खिडकीजवळ. लोखंडी कपाटावर तर नकोच. आतला अँटेना म्हणजे तार गुंडाळलेली फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची) कांडी. तिची लांब बाजू केंद्राकडे असली तर संकेत चांगला येतो, टोक केंद्राकडे झाले की जवळजवळ बंद. बहुतेक घड्याळांत कांडी तबकडीला समांतर आडवी असते, म्हणून तबकडी किंवा पाठ केंद्राच्या दिशेला करा.

सेल घाला आणि हात लावू नका. काटे आपोआप बाराकडे धावले तर घाबरू नका, ते शून्यापासून मोजायला सुरुवात करताहेत. संकेत अगदी सावकाश येतो, सेकंदाला एकच बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक. माइनफ्लिंगेनच्या पद्धतीत दर सेकंदाच्या आरंभी लहरीचा जोर क्षणभर पडतो: ०.१ सेकंद पडला तर शून्य, ०.२ सेकंद पडला तर एक. ५९व्या सेकंदाला तो पडतच नाही, त्यावरून पुढचे मिनिट सुरू होणार हे घड्याळाला कळते. म्हणजे पूर्ण वेळ-तारीख वाचायला एक अख्खे मिनिट लागते, आणि मध्ये खरखर आली तर ते वाया. घड्याळ सहसा लागोपाठची काही मिनिटे ताडून पाहते, म्हणून पाच-दहा मिनिटे धरून चाला.

तरीही जमले नाही, तर बटणे दाबत बसण्यापेक्षा रात्रभर तसेच ठेवा. रात्री या संकेताच्या दीर्घलहरी लांबवर पोहोचतात, घरातली उपकरणेही बंद असतात. म्हणून बरीच घड्याळे पहाटे दोन-तीनलाच वेळ जुळवतात. सकाळी घड्याळावर संकेत मिळाल्याचे मनोऱ्याचे चिन्ह स्थिर दिसले की झाले. तास चुकला पण मिनिटे बरोबर असतील तर दोष संकेताचा नाही, कालक्षेत्राची सेटिंग तपासा.