टँगोच्या कार्यशाळेत शिकलेल्या पायांच्या हालचाली : घरचा सराव कसा करावा

अर्जेंटाइन टँगो या जोडीने करायच्या नृत्याच्या कार्यशाळेसाठी सोलापूरकर बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरतो आणि साकादा, बोलेओ, गांचो अशी भारी नावे डोक्यात घेऊन परततो. त्या हालचाली अंगवळणी पडायच्या असतील, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. डोळ्यांत भरणारा मोकळा पाय सर्वांत कमी काम करतो. हालचाल घडवतात ते धड आणि वजन पेलणारा पाय.

आधी जमीन पाहावी. जुन्या घरातील शहाबादी फरशी खरबरीत असेल, तर रबरी तळाच्या बुटांनी तिच्यावर गिरकी घेऊ नये, कारण तळवा जागीच अडकतो आणि पीळ थेट गुडघ्यावर येतो. चामडी तळाचे बूट नसल्यास बुटांवरून जुने सुती मोजे चढवावेत. चादर अंथरून सराव करण्याचा विचार मात्र सोडावा. सोलापुरात चादरींना तोटा नसला, तरी पायाखाली ती गोळा होते. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी लवकर उरकलेला बरा.

पहिले काही दिवस फक्त ओचो, म्हणजे एका पायावर वळून दुसरा पुढे टाकण्याची आलटूनपालटून हालचाल, करावा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून दोन्ही तळहात छातीच्या उंचीवर टेकवावेत. डाव्या पायावर पूर्ण वजन घ्यावे, छाती भिंतीकडेच ठेवून चवड्यावर कंबर डावीकडे वळवावी, उजवा पाय डाव्या घोट्याजवळ आणावा आणि मगच तो भिंतीला समांतर पुढे टाकावा. त्यानंतर हेच उजव्या पायावर, उलट दिशेने करावे. बहुतेक नवशिके घोटे जुळण्याआधीच पाऊल टाकतात आणि तिथेच त्यांचा तोल जातो. तळहातांवर भार येऊ लागला, तर शरीर पुढे कलले आहे असे समजावे.

साकादात एकाचा पाय दुसऱ्याचा पाय उडवतो असे वाटते, पण तो केवळ भास आहे. जोडीदाराचे वजन पुढच्या पायावर जात असताना त्याच्या मागच्या पायाजवळ रिकामी होणारी जागा आपण पूर्ण वजनाचे पाऊल टाकून घ्यायची असते. केवळ पाय पुढे सारून धड मागे ठेवले, तर ती लाथ होते. वेळ चुकली तर ताकद लावू नये. पाऊल परत घ्यावे.

बोलेओसाठी अधिक संयम लागतो. ओचोचे वळण चालू असतानाच नेतृत्व करणारा दिशा उलटवतो; त्या क्षणी नेतृत्व स्वीकारणाऱ्याची मांडी सैल असेल, तर मोकळा पाय आपोआप आधारपायाभोवती गुंडाळला जाऊन परत येतो. गुडघे जवळजवळ राहिले पाहिजेत. पाय मुद्दाम उंच फेकणे हा माझ्या मते कार्यशाळांतून पसरलेला सर्वांत वाईट रोग आहे. घरी महिनाभर तरी पायाचे बोट जमिनीवरून न उचलताच बोलेओ करावा, कारण मिलोंगाच्या, म्हणजे टँगो नाचण्यासाठी जमलेल्या मेळाव्याच्या, गर्दीत, जिथे जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने एकामागून एक सरकत असतात, तिथे उंच उडालेली टाच शेजाऱ्याच्या नडगीवर बसते.

गांचो, म्हणजे जोडीदाराच्या पायाभोवती आपला पाय आकड्यासारखा दुमडणे, शेवटी शिकावा आणि तोही जोडीदार असेल तेव्हाच. नेतृत्व करणाऱ्याने गुडघा किंचित वाकवून जागा करून द्यायची, मांडीला मांडी लागेपर्यंत थांबायचे. त्यानंतर नेतृत्व स्वीकारणाऱ्याचा गुडघ्याखालचा मोकळा पाय आपल्याच भाराने मागे दुमडून परततो. मांडीचा स्पर्श होण्याआधी टाच हलली, तर ती समोरच्याच्या पोटरीला लागते. म्हणून सुरुवातीला अनवाणी किंवा मोजे घालून, संगीताविना, सावकाश करावे. दोघांनाही तो क्षण न बोलता कळू लागला, की मगच टाचेचे बूट चढवावेत.