मण्यात पाणी उतरायच्या आत: छोट्या द्राक्षबागेची पाखरांपासून राखण

तासगाव तालुक्यात आमची ३० गुंठे बाग आहे. थॉम्पसन जातीची, दोन ओळींत ९ फूट आणि दोन वेलींत ५ फूट अंतर, वाय मांडणीची, म्हणजे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या खांबांवर वेली चढवलेली. एक बाजू १६५ फूट, दुसरी १९८. राबणारी माणसं घरचीच: मी, आमचे हे, सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, आणि शाळा सुटल्यावर मुलगी.

आमची बाग बेदाण्याची. खायच्या द्राक्षाला १६ ते १८ अंश (ब्रिक्स) साखर आली की माल निघतो. बेदाण्याला २२ च्या पुढे साखर लागते, तेव्हा कुठे चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा उतरतो. म्हणजे शेजारच्या बागा खाली झाल्या तरी आमचे घड अजून दोन-तीन आठवडे वेलीवरच असतात. तोवर शिवारातला शाळूही काढून झालेला असतो. मग शाळूवरची पाखरं आणि शेजारच्या बागेतली पाखरं, दोन्ही आमच्या बांधावर. ज्याची बाग शिवारात सगळ्यांच्या आधी पिकते किंवा सगळ्यांच्या शेवटी राहते, त्यानं राखणीची तयारी इतरांपेक्षा जास्त ठेवायची. मधल्या बागांचं नुकसान वाटून जातं.

आता मुद्द्याचं. पाखराला चव लागायच्या आत बाग बंद झाली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही घडावर चोच दिसल्यावर जाळी आणायला गेलो. दुकान, पैसे, बांबू, गडी या सगळ्यात पाच दिवस गेले. पहिल्या दिवशी लिंबाकडच्या (कडुलिंबाकडच्या) ओळीत बुलबुलाची एक जोडी होती. पाचव्या दिवशी सकाळी मी तिथं उभी राहून मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढं मोजणं सोडून दिलं. जाळी बांधल्यावरही ती पाखरं हटली नाहीत. ती जाळीवर बसायची, कडेकडेनं फट शोधत फिरायची. आत गोड आहे हे त्यांना कळलं होतं. पुढच्या वर्षी जाळी आधी बांधली, तर त्याच लिंबावर बसलेली पाखरं समोरच्या उंबराकडं निघून गेली.

म्हणून दिवस छाटणीपासून मोजा. आमच्याकडं फळछाटणीनंतर साधारण ८५ ते ९० दिवसांत मण्यात पाणी उतरतं. मणी बोटात दाबला की कडकपणा गेलेला कळतो, हिरव्यात काचेसारखी झाक येते. जाळी ८० व्या दिवशी पूर्ण बांधून झालेली पाहिजे, त्या दिवशी सुरू करायची नव्हे. आमची छाटणी १२ ऑक्टोबरला असते, म्हणून ३१ डिसेंबर ही आमची शेवटची तारीख. सामान आम्ही दिवाळीनंतर लगेच बघून ठेवतो.

कोण खातंय ते घडावरून ओळखता येतं. मण्याला एका बाजूनं खोबण, साल लोंबतेय, आतला गर ओला: हा बुलबुल. जीए (मणी फुगवायचं जिबरेलिक अॅसिड) दिलेला मणी त्याच्या चोचीत मावत नाही, म्हणून तो एक मणी संपवत नाही, दहा मण्यांना टोचतो. खरं नुकसान तेच. मणी अख्खा गेलाय आणि देठाच्या टोकाला ओला दोरा राहिलाय, तर बहुतेक साळुंकी. खाली जमिनीवर कुरतडलेले मणी आणि घडाचे तुकडे पडलेत, तर राघू. तो खातो थोडं आणि पाडतो जास्त. सकाळी वेलीखाली चोथा आणि विष्ठेचे डाग दिसले, तर रात्री वटवाघूळ येऊन गेलं. भोरड्यांचा माग काढावा लागत नाही, त्या ढगासारख्या येतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारी ही पाखरं शाळूवर उतरतात, आणि शाळू संपला की बागेकडं वळतात.

हे ओळखायचं कशासाठी, तर कोण कुठून शिरतं ते ठरवायला. बुलबुल आणि साळुंकी बाजूनं येतात, आधी बांधावर किंवा तारेवर बसतात, मग वेलीखालून आत सरकतात. राघू आणि भोरड्या वरून. मांडवाच्या बागेत वरचा पाला दाट असतो आणि घड खाली लोंबतात, तिथं चारी बाजू बंद केल्या की बरंचसं काम होतं. वायच्या बागेत ओळींमधून आभाळ उघडं असतं, म्हणून बाजू आणि वर, दोन्हीचा विचार करावा लागतो. पैसा कमी असेल तर आधी बाजू बंद करा. आम्ही तेच केलं.

जाळी घेताना दोन गोष्टी बघा: भोक आणि धागा. भोक १५ ते २० मिलिमीटरच्या दरम्यान. माझा अंगठा जेमतेम जातो एवढं. धाग्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. पहिल्या वर्षीची आमची जाळी बारीक तंगुसाची होती. स्वस्त होती, आणि ‘दिसत नाही म्हणून चांगली’ असं सांगून ती आमच्या गळ्यात मारली गेली. दिसत नाही हाच तिचा दोष. तिसऱ्या दिवशी सकाळी लिंबाकडच्या कोपऱ्यात एक बुलबुल पंखाला आणि मानेला धागा गुंडाळून उलटा लटकत होता. मी त्याच्या डोक्यावर ओढणी टाकली, डावा हात खाली धरला आणि द्राक्षाच्या कात्रीनं एकेक धागा कापत गेले. छाती एवढी धडधडत होती की माझ्या तळहाताला ते ठोके लागत होते. मानेवर पिसांच्या आत धागा रुतला होता. तो शेवटचा कापला आणि हात उघडला, तर तो उडाला नाही. पाच-दहा मिनिटं तसाच बसून राहिला आणि मग गेला. त्याच आठवड्यात खाली गोळा झालेल्या जाळीत एक धामण अडकून मेली. उंदीर खाणारी धामण आपल्याच हातानं मारली याचं आत्यांना फार लागलं. ती जाळी आम्ही त्याच वर्षी काढून टाकली.

आता आमच्याकडं विणलेली, जाड धाग्याची पांढरी जाळी आहे. पाखराला ती लांबून दिसते आणि ते वळतं. पाखरू अडकायला नको असेल तर जाळी ताठ हवी. ढिल्या जाळीत पाय आणि पंख गुंततात. दर १२-१५ फुटांवर आणि कोपऱ्याकोपऱ्यात अँगल किंवा जाड बांबू, त्यावरून तार, तार जाळीच्या वरच्या भोकांतून ओवून घ्यायची आणि दोन्ही टोकांना ताण द्यायचा. खाली आम्ही जुनी ठिबकची नळी भोकांतून ओवली आहे. नळी सरळ राहते, जमिनीला बसते, आणि दर पाच फुटांवर तारेच्या आकड्यानं ती दाबून टाकता येते. जाळी जमिनीवर गोळा होऊ देऊ नका. जास्तीची असेल तर वर दुमडून बांधा. धामण अडकली ती त्या ढिगातच.

आमच्या बागेचा घेर ७२६ फूट भरतो, जाळी आम्ही ७६० फूट आणली, कोपरे आणि दाराचा चढावा धरून. दार हे सगळ्यात कच्चं ठिकाण. फवारणीचा ट्रॅक्टर जिथून आत जातो तिथं जाळीचे दोन पदर एकमेकांवर तीन फूट चढतील असे ठेवा आणि गेल्यावर कपड्यांचे चिमटे लावा. आमची मुलगी रोज संध्याकाळी दोरीवरचे चिमटे घेऊन दाराकडं एक फेरी मारते.

आणि जाळी शेवटच्या ओळीला चिकटवून बांधू नका. जाळीला टेकलेला घड बाहेर बसलेलं पाखरू आरामात खातं. मध्ये किमान हातभर जागा सोडा. कडेच्या वेलींचे बाहेर आलेले शेंडे आधी खुडा, मग जाळी बांधा.

माझी नणंद निफाडला दिली आहे. तिच्याकडं गोऱ्या द्राक्षाच्या घडाला वर्तमानपत्राचा कागद लावतात. मुळात तो ऊन आणि थंडीनं मणी गुलाबी पडू नये म्हणून, पण कागदातला घड पाखराला दिसत नाही हे तिनंच मला सांगितलं. सगळ्या बागेला कागद लावायची मजुरी आम्हाला परवडत नाही. आम्ही लिंबाकडच्या दोन ओळींनाच लावतो. कागद वरून आणि बाजूनं गुंडाळायचा, स्टेपलरची पिन मारायची, खालचं तोंड उघडं ठेवायचं. तोंड बंद केलं की आत दमटपणा धरतो.

जुन्या साड्याही चालतात. आमच्या भागात बऱ्याच बागांना साडीचं कुंपण दिसतं, रस्त्याची धूळ आणि पश्चिमेचं ऊन दोन्ही अडतं. आमच्या रस्त्याच्या बाजूला आत्यांची जुनी लुगडी आहेत, त्यात एक इरकल त्यांच्या लग्नातलं. ते त्यांनी स्वतः बांधलं. साड्या बाजूलाच बांधा, बागेवरून पांघरू नका. हवा कोंडली तर भुरी (पांढरी बुरशी) येते.

वरच्या बाजूला आम्ही लिंबाजवळच्या चार ओळींवर जाळी टाकतो, बाकी ठिकाणी चमकी पट्टी, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं चंदेरी. पट्टी सरळ ताणली तर नुसती चमकते. दोन खांबांमध्ये तीन-चार पीळ देऊन, वेलीच्या शेंड्यांच्या वर फूटभर बांधली तर वाऱ्यावर घुमते आणि पाखरं त्या आवाजाला बिचकतात. वारा पडला की तिचा उपयोग निम्मा होतो. दहा-बारा दिवसांनी पाखरं तिला सरावतात, म्हणून आम्ही ती पहिल्याच दिवशी लावत नाही. ११० व्या दिवसाच्या आसपास, साखर चढायला लागते तेव्हा लावतो. तोवर बाजूच्या जाळीवर आणि आवाजावर भागतं. पट्टीचा परिणाम ओसरला की तिची जागा बदलायची. बुजगावण्याचंही तसंच. एका जागी आठ दिवस उभं राहिलं की साळुंकी त्याच्या खांद्यावर बसते.

राखण दिवसभर करायची गरज नाही. जानेवारीत आमच्याकडं सातच्या सुमाराला सूर्य उगवतो, मी पावणेसातला बागेत असते. पाखरं रात्रभराची उपाशी असतात, पहिले दोन-अडीच तास महत्त्वाचे. दुपारी ती सावलीला बसतात. पुन्हा चारपासून दिवस मावळेपर्यंत. तेलाचा रिकामा डबा आणि काठी, एवढंच माझ्याजवळ असतं. आत्या गोफण वापरतात, पण त्यात खडा घालत नाहीत, नुसता झटका देऊन टाळी काढतात. शाळूत खडा पडला तर चालतो. द्राक्षात पडलेला खडा घड फोडतो. एक लक्षात ठेवा, रोज एकाच जागेवरून ओरडू नका. मी एक दिवस विहिरीकडून येते, एक दिवस रस्त्याकडून.

पाइपात कार्बाईड घालून बार काढायची तोफ काही जण वापरतात. आमच्या घरात तिला बंदी आहे. आत गॅस तयार होतो, कधीकधी बार उशिरा होतो, आणि माणूस वाकून पाइपात बघतो त्याच क्षणी होतो. घडामागं चार मणी गेले तर पुढच्या वर्षी परत येतील, डोळा येत नाही. विषाचे दाणे तर टाकूच नका. राघू, साळुंकी, बुलबुल ही सगळी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित पाखरं आहेत, आणि हाच बुलबुल आपल्या पिल्लांना अळ्या भरवतो. काढणी जवळ आली असताना पाखरं पळावीत म्हणून उग्र वासाचं काही फवारू नका. ते फळावर राहतं.

बांधावरचा उंबर आम्ही तोडला नाही. लोकांनी तोडा म्हणून सांगितलं. माझा अनुभव असा की उंबर पिकलेला असला की बुलबुल तिकडं जास्त रमतात. त्याच्या खाली मी मातीच्या दोन पसरट परळात पाणी ठेवते. फेब्रुवारीत ओढा आटतो, पाखरांना भूक असते तेवढीच तहान असते, आणि रसाळ मणी म्हणजे त्यांच्यासाठी पाणीच. परळं ठेवायला लागल्यापासून दुपारी ठिबकच्या नळीवर बसणारी पाखरं कमी झाली.

एवढं करूनही काही घड टोचले जातात. ते तसेच ठेवू नका. मी रोज दहाच्या सुमारास कात्री आणि बादली घेऊन कडेच्या ओळी फिरते, टोचलेला मणी देठासकट काढते. एक फुटका मणी दिवसभर राहिला तर रस खालच्या मण्यांवर ओघळतो, मुंग्या लागतात, चिलटं येतात, मग गांधीलमाशा, आणि चार दिवसांत अर्धा घड सडतो. बादलीतले मणी बांधावर ओतू नका, पाखरांना परत तीच चव लागते. आम्ही म्हशींना घालतो किंवा खड्ड्यात पुरतो. बेदाण्याच्या शेडवर नेताना राहिलेले फुटके मणी बुडवणीच्या (सुकवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवतात त्याच्या) आधी निवडून काढा. त्यांचा रस बाकीच्या मण्यांना चिकटतो आणि बेदाणा काळा पडतो. शेडच्या रॅकलाही बाजूनं जाळी सोडा, साळुंक्या तिथंही येतात.

काढणी झाली की त्याच आठवड्यात जाळी उतरवा. मार्चचं ऊन धागा खातं, आणि रिकाम्या बागेत जाळीला काही काम नसतं. खालची नळी आधी काढायची, मग वरची तार सोडायची, आणि दोघींनी मिळून दोन टोकांनी ती झटकायची, म्हणजे अडकलेले ताणे आणि सुकी पानं पडतात. आम्ही ती लाकडी दांड्यावर गुंडाळतो, दर बाजूची वेगळी, आणि चिठ्ठी बांधतो: ‘लिंब’, ‘रस्ता’, ‘विहीर’, ‘ओढा’. गुंडाळ्या जमिनीवर ठेवत नाही, उंदीर कुरतडतात. गोठ्याच्या आढ्याला टांगतो. टांगण्याआधी फाटलेली भोकं शिवून घेतो, कारण डिसेंबरात त्याला वेळ मिळत नाही.