कॅचरचं क्षेत्ररक्षण जोखताना या चुका टाळा

बेसबॉलमध्ये गोल्ड ग्लव्ह या क्षेत्ररक्षणाच्या पुरस्काराची चर्चा कॅचरवर, म्हणजे बॅटरमागे बसून पिचरचा चेंडू घेणाऱ्या खेळाडूवर, आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्टील करताना, म्हणजे पिच पडताना पुढचा बेस चोरताना, किती रनरना बाद केलं? क्रिकेटवर वाढलेली नजर तर कॅचरमध्ये यष्टिरक्षकच शोधते. मग झेल आणि स्टंपिंगसारखं जे चटकन डोळ्यात भरतं, त्यालाच गुण मिळतात. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग) 2023 मध्ये बेस 15 इंचांवरून 18 इंचांचे झाले, पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या रनरला बाद करायला केलेल्या थ्रोवर) मर्यादा आली आणि स्टीलची संख्या 2,486 वरून 3,503 वर गेली. तरीही एका संघाविरुद्ध सामन्यामागे स्टीलचे प्रयत्न सरासरी एकापेक्षा कमीच होते. त्याच सामन्यात कॅचरच्या मिटसमोर (जाड हातमोजासमोर) 140-150 पिच येतात. त्याचं खरं काम तिथे चालतं.

फिल्डिंग टक्केवारीवर भिस्त ठेवू नका

फिल्डिंग टक्केवारी म्हणजे एकूण संधींपैकी चूक न करता पार पाडलेल्या संधींचं प्रमाण. स्ट्राइकआउट (बॅटर तीन स्ट्राइकवर बाद) झाला की पुटआउट (बाद केल्याचं श्रेय) कॅचरच्या नावावर जमा होतो. फक्त चेंडू पकडला म्हणून. त्यामुळे जोरदार पिचर असलेल्या संघाच्या कॅचरची टक्केवारी .990 च्या वर आपोआप जाते. स्ट्राइकआउट वजा करून उरलेल्या संधींमधल्या चुका मोजा, नाहीतर हा आकडा सोडून द्या.

स्टीलचा हिशोब कॅचरच्या एकट्याच्या माथी

पिचरने चेंडू सोडायला सुरुवात केल्यापासून तो मिटमध्ये येईपर्यंत साधारण 1.3 सेकंद जातात. मिटपासून सेकंड बेसपर्यंतचा वेळ, म्हणजे पॉप टाइम, सुमारे 2.0 सेकंद असतो. पिचरने 1.6 सेकंद घेतले तर जगातला कोणताही हात रनरला गाठू शकत नाही. म्हणून आधी पिचरचा वेळ लिहा, मगच कॅचरला गुण द्या. पिचरच्या पिकऑफमुळे मध्येच अडकलेला रनरही पुष्कळदा ‘कॉट स्टीलिंग’मध्ये (स्टील करताना बाद) मोजला जातो. त्यात कॅचरने चेंडू फेकलेलाच नसतो, ते बाजूला काढा.

उलटी चूकही होते. 9 गोल्ड ग्लव्ह मिळवलेल्या याडिएर मोलिनासमोर रनर मुळात धावायलाच धजत नसत. बाद केलेल्यांची नुसती संख्या पाहिली तर असा दरारा असलेला कॅचरच मागे पडतो. त्याच्यासमोर प्रयत्न किती कमी झाले, ते आधी बघा.

पॉप टाइम स्वतः मोजणार असाल तर सेकंदाला 60 फ्रेमचा व्हिडिओ घ्या. चेंडू मिटला लागल्यापासून बेसवरच्या ग्लव्हमध्ये जाईपर्यंत 120 फ्रेम म्हणजे 2.00 सेकंद. 30 फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमची चूक 0.03 सेकंदांची पडते, आणि चांगला-साधारण यातला फरक तेवढाच असतो. चेंडू कुठे पोहोचला तेही लिहाच. बेसच्या पहिल्या बेसकडच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर आलेला 2.05 चा थ्रो सेंटर फील्डकडे उडालेल्या 1.90 च्या थ्रोपेक्षा कधीही मोलाचा.

फ्रेमिंग: मिट थांबलेलं बघता, आधीची हालचाल बघत नाही

फ्रेमिंग म्हणजे काठावरचा पिच अंपायरला स्ट्राइक वाटेल असा मिटमध्ये घेणं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्यात जास्त रनही इथेच वाचतात. बॅटरने न मारलेला काठावरचा पिच ‘बॉल’ऐवजी ‘स्ट्राइक’ ठरला की स्टॅटकास्ट या मेजर लीगच्या मोजणी यंत्रणेच्या हिशोबात 0.125 रन वाचते. दिसायला क्षुल्लक, पण हे रोज, डावामागून डाव चालतं.

टीव्हीवर कॅचरने मिट ओढून मधोमध आणलेलं दिसतं आणि आपण वाहवा करतो. अंपायर मात्र त्या ओढण्यालाच फसत नाही. खालच्या कोपऱ्यातल्या पिचवर हळू व्हिडिओ लावा. चांगल्या कॅचरचं मिट चेंडू येण्याआधीच जमिनीजवळ गेलेलं असतं. ते खालून वर येतं आणि वर येता येताच चेंडू घेतं, म्हणून धक्का मिट खाली ढकलत नाही. कच्च्या कॅचरचं मिट वरून चेंडूवर झडप घालतं, स्ट्राइक झोनबाहेर (पिच स्ट्राइक ठरतो त्या चौकटीबाहेर) जातं आणि मग परत आणावं लागतं. फरक फार तर 4-5 इंचांचा असतो, पण स्ट्राइक तिथेच हातची जाते.

सेंटर फील्डचा कॅमेराही बहुधा थोडा बाजूला असतो. त्या कोनातून 17 इंच रुंद होम प्लेटची कड नीट कळत नाही, म्हणून काठावरचे निर्णय नुसत्या नजरेवर सोडू नका. दोन रकाने करा: झोनच्या आतले काठचे पिच किती गमावले, बाहेरचे किती मिळवले. त्याच पिचरसोबत संघाचा दुसरा कॅचर कसा आहे, ते शेजारी लिहा. एका गुडघ्यावर बसणाऱ्या कॅचरला केवळ ढब पाहून कमी गुण देणंही थांबवा. त्या बैठकीत मिट खाली ठेवणं सोपं जातं.

2026 पासून मेजर लीगमध्ये पिचर, कॅचर किंवा बॅटर डोक्याला हात लावून बॉल-स्ट्राइकला आव्हान देऊ शकतो. संघाला सुरुवातीला दोन संधी असतात, आव्हान बरोबर ठरलं तर संधी शिल्लक राहते. त्यामुळे कॅचरने कोणत्या पिचला आव्हान दिलं आणि कोणता सोडला, याचाही रकाना आता हवा.

पास्ड बॉल कमी म्हणजे ब्लॉकिंग उत्तम, असं नाही

पास्ड बॉल म्हणजे कॅचरच्या चुकीने सुटलेला चेंडू. पण कॅचरपर्यंत येण्याआधी जमिनीला लागलेला चेंडू सुटला तर नियमानुसार तो वाइल्ड पिच, दोष पिचरचा. शिवाय रनर पुढे सरकला तरच नोंद होते. म्हणजे उत्तम अडवलेला चेंडू स्कोअरशीटवर उमटतच नाही. बेसवर रनर असताना जमिनीवर आपटलेले सगळे पिच मोजा आणि त्यातले किती अडवले ते प्रमाण काढा. बघायचं काय, तर हनुवटी छातीशी, खांदे पुढे गोलावलेले, मिट दोन गुडघ्यांमधली फट झाकून. असा अडवलेला चेंडू पुढ्यात दोन-तीन फुटांवर मरतो. खांदा वळलेला राहिला की तो बाजूला उसळतो आणि रनर निघतो.

‘कॅचरचा ईआरए’ (तो खेळत असताना पिचरनी नऊ डावांमागे दिलेल्या रनची सरासरी) मात्र वगळाच. त्यात पिचर, मैदान, समोरचा संघ सगळं मिसळलेलं असतं.

नाव आणि बॅट बघून मत देणं

गोल्ड ग्लव्हची मतं व्यवस्थापक आणि प्रशिक्षक देतात, स्वतःच्या खेळाडूला देता येत नाहीत. आपल्याच विभागातल्या कॅचरलाही ते हंगामात 13 सामन्यांत पाहतात. उरलेली जागा कीर्ती भरून काढते. 1999 मध्ये रफाएल पाल्मेरोला पहिल्या बेसवरचा गोल्ड ग्लव्ह मिळाला, तेव्हा तो तिथे फक्त 28 सामने खेळला होता. 2013 पासून सुमारे 25 टक्के वजन सेबर (SABR) या बेसबॉल संशोधन संस्थेच्या क्षेत्ररक्षण निर्देशांकाला आहे, ते बरंच झालं.

आपल्याकडच्या शालेय किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत उत्कृष्ट कॅचर निवडताना रडार नसतं. होम प्लेटच्या मागे, बरोबर मधोमध जाळीला बांधलेला एक मोबाइल आणि चार रकान्यांची वही पुरते: काठचे पिच, अडवलेले पिच, पिचरचा वेळ, पॉप टाइम. बॅटिंगचे आकडे त्या वहीत लिहू नका.