अवलोकितेश्वर ओळखताना या चुका टाळा

सुट्टीत बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेपाळ-तिबेटकडच्या मूर्तींपुढे आपली मराठी मंडळी थांबली की हमखास कानावर पडतं, "हा बघ बुद्ध!" अंगावर दागिने आणि डोक्यावर मुकुट दिसला तर एवढी घाई करू नका. तो बहुधा बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवर असलेला, इतरांच्या मदतीला धावणारा असतो. मुकुटाच्या मधोमध नीट बघा. तिथे बोटाच्या पेराएवढा ध्यानस्थ अमिताभ बुद्ध बसलेला असेल, तर हा करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. तिथे स्तूप असेल तर मैत्रेय, म्हणजे पुढे होणारा बुद्ध. अवलोकितेश्वराच्या हातात कमळ असलं की त्यालाच पद्मपाणी म्हणतात, तो कुणी वेगळा नव्हे.

सगळ्यात मोठी चूक होते ती पांढऱ्या चिनी मातीच्या, हातात कलश घेतलेल्या मूर्तीबाबत. "चिनी देवी" म्हणून आपण मोकळे होतो. ती ग्वानयिन, म्हणजे हाच अवलोकितेश्वर. कुमारजीव या भिक्खूने सन ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र हा बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेलं. हा बोधिसत्त्व गरजेप्रमाणे ३३ रूपं घेतो असं त्यात सांगितलंय, आणि त्यांत स्त्रीरूपंही आहेत. म्हणजे बीज मूळ ग्रंथातच होतं. तरी चीनने एका झटक्यात पुरुषाची स्त्री केली, असंही समजू नका. चीनमधल्या तुनह्वांग लेण्यांच्या जुन्या चित्रांत त्याला चक्क मिशा आहेत! स्त्रीरूप रुळलं ते दहाव्या शतकानंतर, सोंग राजवटीच्या काळात. आजारी बापासाठी स्वतःचे डोळे आणि हात देणाऱ्या राजकन्या म्याओशानची कथा ११०० साली हनान प्रांतात शिळेवर कोरली गेली. लोकांना ग्वानयिन इतकी आपली वाटली, त्यात या कथेचा वाटा फार मोठा आहे असं मला मनापासून वाटतं. तिबेटात मात्र तो पुरुषच राहिला. दलाई लामा त्याचाच अवतार मानले जातात.

करुणा म्हणजे नुसता शांत चेहरा, असं मानून पुढे सरकू नका. अजिंठा-वेरूळला जाल तेव्हा छत्रपती संभाजीनगरची ७ क्रमांकाची लेणी चुकवू नका. उभ्या अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत: आग, चोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. व्यापारी आणि वाटसरू त्याचा धावा करत ते असल्या संकटांत.

नेपाळ-तिबेटची स्त्रीमूर्ती दिसली, तर तिला ग्वानयिन ठरवण्याआधी तळहात-तळपाय तपासा. तिथेही डोळे असतील, तर ती श्वेततारा, म्हणजे बौद्धांच्या तारा देवीचं पांढरं रूप.