सिरपूर तलावावर मिरर लेन्स नेण्यापूर्वीची तयारी

इंदूरच्या पश्चिमेला धार रस्त्यावर असलेला सिरपूर तलाव २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. हिवाळ्यात तेथे बदकांचेच कौतुक अधिक होत असले, तरी ही तयारी काठावरच्या झुडपांत आणि गवतात वावरणाऱ्या राखी वटवट्या, गप्पीदास, शिंपी अशा छोट्या, बुजऱ्या पक्ष्यांसाठी आहे. ५०० मिलिमीटर, एफ/८ ची मिरर लेन्स, म्हणजे आत आरसे बसवलेली दूरचे टिपणारी लेन्स, हलकी व आखूड असते, मात्र बहुतेक मिरर लेन्समध्ये ऑटोफोकस नसल्यामुळे ती घेऊन पक्ष्याच्या मागे फिरण्यात अर्थ नाही. पक्षी कोठे, किती अंतरावर आणि कोणत्या उजेडात येऊन बसेल, हे आधीच ठरवावे लागते.

त्यामुळे सर्वांत आधी, शक्य तर आदल्या दिवशी, कॅमेरा न घेता जाऊन जागा पाहून यावी. गप्पीदास उंच काडीच्या टोकावरून किडा टिपून पुष्कळदा त्याच काडीवर परततो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी; पानांआड सतत हालणारा शिंपी या लेन्सला फारसा मानवत नाही, असे माझे मत आहे. काडी निवडल्यावर अंतर ठरवावे. तेरा सेंटीमीटरचा वटवट्या एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर सहा मीटरांवरून चौकटीची जवळजवळ निम्मी रुंदी व्यापतो, तर बारा मीटरांवरून जेमतेम पाव. सहा मीटरांवर स्पष्टतेची खोली (पुढेमागे जेवढे अंतर स्पष्ट दिसते ते) साधारण साडेचार सेंटीमीटरच मिळते, आणि एफ/८ हे छिद्र बदलता येत नसल्यामुळे ती वाढवण्याचा मार्ग लेन्सकडे नाही. म्हणून पक्षी आडवा बसेल अशी बाजू शोधून, काडीवर आधीच फोकस करून ठेवावा आणि नंतर तो पक्ष्याच्या डोळ्यावर किंचित सुधारून घ्यावा.

पार्श्वभूमीचा विचार इतर कोणत्याही लेन्सपेक्षा येथे अधिक करावा लागतो. पुढच्या बाजूचा छोटा आरसा मधला प्रकाश अडवतो, त्यामुळे फोकसबाहेरचा प्रत्येक चमकता ठिपका कड्यासारखा उमटतो आणि मागच्या वाळक्या गवताच्या काड्या दुहेरी दिसतात. काहींना ती कडी आवडतात. मला ती पक्ष्यावरून नजर हटवणारी वाटतात. म्हणून चकाकणारे पाणी मागे येणार नाही आणि काडीच्या मागे दूरवरची सावलीतली झाडी असेल, अशा ठिकाणी सूर्याकडे पाठ करून बसावे.

घरी कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू देणारी सोय सुरू करावी, कारण साध्या अडॅप्टरवरची (जोडकडीवरची) लेन्स कॅमेऱ्याला ओळखू येत नाही; याच कारणाने कॅमेऱ्याच्या अंगचे स्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम सावरणारी सोय) असल्यास त्यात ५०० हा आकडा हाताने भरावा. फोकस पीकिंगवर, म्हणजे स्पष्ट कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, पूर्ण विसंबू नये, दृश्य मोठे करून पाहण्याचे बटण बोटाखाली आणावे. शटर १/१००० च्या आसपास ठेवून आयएसओ स्वयंचलित सोडावा. आरशाने अडवलेल्या प्रकाशामुळे प्रत्यक्ष उजेड एफ/८ पेक्षाही कमी मिळतो, तेव्हा आयएसओ चढला म्हणून बिचकू नये. काही लेन्समध्ये मागचा फिल्टर हा रचनेचाच भाग असतो, तो जागेवर आहे ना ते पाहावे. ट्रायपॉड किंवा वाळूची पिशवी आणि लेन्सहूड सोबत घ्यावेत.

पहाटेच्या गारठ्यात लेन्स पोहोचताच बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवावी, म्हणजे नळीतली हवा बाहेरच्या तापमानाला येते आणि चित्र थरथरत नाही. कपडे मातकट रंगाचे असावेत. इंदूरकर पिशवीत शेवेची पुडी ठेवणारच, पण ती कुरकुरत्या प्लास्टिकची नसावी. ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्षी बोलावू नये, आणि घरटे दिसल्यास जागाच बदलावी. ऊन चढून जमिनीवरची हवा लहरू लागली, की दूरच्या काडीवर फोकस बसत नाही. त्या वेळी लेन्सला झाकण लावून, सिलिका जेलच्या पुडीसह पिशवीत ठेवावी आणि परतावे.